सूर्यचूल पेटीची की पुठ्ठ्याची? आधी ऊन बघा

भंगारातून सूर्यचूल करायची तर दोन प्रकार घरी सहज जमतात. एक पेटीची: खोक्यात खोकं, मधल्या फटीत कागद-चिंध्या, वर काच. दुसरी पुठ्ठ्याची: फॉइल लावलेले तीन-चार पंख, मध्ये काळं भांडं. यातली चांगली कुठली, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, तुमच्याकडे ऊन कुठे पडतं?

ठाणे 19 अंश अक्षांशावर. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे 47 अंशांवरच असतो, त्यामुळे घोडबंदरच्या टॉवरमधल्या दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येतं. मेच्या मध्याला तोच सूर्य थेट डोक्यावर, आणि वरच्या मजल्याचा स्लॅब सगळं ऊन अडवतो. म्हणजे उन्हाळा कडक असूनही गॅलरीवाल्यांचा हंगाम हिवाळ्यातच. गच्चीवाल्यांना मात्र दिवाळीपासून पाऊस येईपर्यंत मोकळं रान.

गॅलरी असेल तर पुठ्ठ्याची करा. टीव्हीचं खोकं उलगडायचं, खळीने फॉइल चिकटवायचं, वाटीच्या बुडाने सुरकुत्या काढायच्या. भांड्यावर काचेचा मोठा बाऊल पालथा घाला, नाहीतर वाऱ्याने ऊब टिकत नाही. भात, रताळी, अंडी होतात. घडी करून कपाटामागे ठेवता येते, हा मोठाच फायदा. पण खाडीचा वारा सुटला की पंख उडतात. चारही कोपऱ्यांना विटा हव्यातच.

कोपरखैरण्याच्या आमच्या गच्चीत मी पेटी वापरते, आणि जागा असेल त्याने पेटीच करावी असं माझं ठाम मत आहे. अठराव्या शतकात जिनिव्हाचे शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी काचेच्या पेटीत उन्हावर पाणी उकळण्याहून जास्त उष्णता मिळवली होती. तत्त्व आजही तेच: ऊन काचेतून आत शिरतं, आतली ऊब बाहेर पडत नाही. जुन्या स्लायडिंग खिडकीची काच भंगारवाल्याकडे मिळते. ती चौकटीत घट्ट बसवू नका. माझी पहिली काच मी खिळ्यांनी आवळली होती, तापून फुगली आणि कोपऱ्यापासून तडकली. आता कडेने सुती पट्टी लावून काच नुसती टेकवते. थर्माकोलही आत घालू नका, तो तापून आक्रसतो. आतून काळा रंग दिलात तर पेटी दोन-तीन दिवस रिकामीच उन्हात तापवा, रंगाचा वास जाऊ द्या.

साडेदहाला भिजवलेली मूगडाळ नि तांदूळ ठेवले की तासाभरात काचेला आतून घाम येतो. तेव्हा काच उचलायचा मोह टाळा, एकदा उचलली की जमलेली ऊब गेली. दीडपर्यंत खिचडी मऊ होते, तळाला लागत नाही. फोडणी मात्र गॅसवरच. भाकरीही यावर होत नाही. हिवाळ्यात सूर्य कलतो, तेव्हा काचेच्या वर उभं उघडणारं दुसरं झाकण आणि त्याला आतून आरसा किंवा फॉइल हवंच. दर अर्ध्या-पाऊण तासाने पेटी सूर्याकडे वळवावी लागते. नोकरीवर जाणाऱ्यांना हे फक्त रविवारीच जमेल.

कापाकापी करण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी खडू घ्या. अकरा, साडेबारा आणि दोनला उन्हाच्या कडेने रेघ मारा. तिन्ही रेघांच्या आत येणारी जागा वर्तमानपत्राच्या पानाएवढी असेल तर पुठ्ठ्याची घ्या, चटईएवढी असेल तर पेटी.