मराठी टायपिंग: इनस्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन की सरळ बोलून?

'कोणता कीबोर्ड चांगला' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी दोन गोष्टी बघा: रोज किती मजकूर लिहिता आणि तो शेवटी कुठे जातो. व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकणाऱ्याने इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची सरकारी प्रमाण मांडणी, शिकायचा खटाटोप करू नये. रोज दोन-तीन पानं लिहिणाऱ्याने मात्र फोनेटिकवर, म्हणजे रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळवण्यावर, दिवस ढकलू नयेत.

फरक समजायला 'विद्यार्थी' हा एकच शब्द पुरतो. त्यात वेलांट्या दोन्ही आहेत, जोडाक्षर आहे आणि रफारही आहे.

इनस्क्रिप्ट

व, पहिली वेलांटी, द, पाय मोडायची कळ, य, काना, र, पुन्हा पाय मोडायची कळ, थ, दुसरी वेलांटी. एकूण दहा कळा. जसं बोलतो त्याच क्रमाने बोटं चालतात. र आधी उच्चारतो, म्हणून तो आधी टाकायचा; त्याचा रफार करून थीच्या डोक्यावर बसवणं संगणकाचं काम.

ही मांडणी १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण ठरवली. तिच्यामागचा तर्क वर्णमालेचा आहे आणि तो एकदा कळला की पाठांतर निम्म्यावर येतं. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट. त्यातल्या प, क, त, च, ट यांच्या बरोबर डोक्यावर, वरच्या ओळीत, त्याच वर्गातले ब, ग, द, ज, ड. शिफ्ट दाबला की ख, घ, थ, ध अशी महाप्राण अक्षरं. डाव्या हाताकडे जवळजवळ सगळे स्वर: खाली पहिली वेलांटी, तिच्या डोक्यावर दुसरी, खाली पहिला उकार, वर दुसरा, खाली एक मात्रा, वर दोन. शिफ्टसह तीच कळ दाबली की सुटा स्वर मिळतो, म्हणजे वेलांटीच्या कळेवर इ, कान्याच्या कळेवर आ. पाय मोडायची कळ इंग्रजी डी, आणि शिफ्टसह तिथेच अ.

अडतं कुठे? सवयीचा हात इंग्रजी आर दाबून र शोधतो, तिथे दुसरी वेलांटी निघते. हा गोंधळ आठ-दहा दिवस राहतो. रोज अर्धा तास दिलात तर साधारण तीन आठवड्यांत खाली न बघता मजकूर उतरू लागतो. कळांवर अक्षरांचे स्टिकर चिकटवू नका, मान कायमची खाली राहते. मांडणीचा छापील कागद स्क्रीनच्या कडेला लावा. पहिल्या आठवड्यात फक्त मधली ओळ, मग वरची, आणि म, न, व, ल, स, य असलेली खालची ओळ शेवटी. ळ म्हणजे शिफ्ट-ल, ण म्हणजे शिफ्ट-म, श म्हणजे शिफ्ट-स. मराठीत ही तिन्ही इतकी लागतात की अक्षर ज्या हाताचं, त्याच्या विरुद्ध हाताच्या करंगळीने शिफ्ट दाबायची सवय आधी लावा: ळ आणि श ला डावी, ण ला उजवी.

विंडोज ११ वर वेगळं काही उतरवावं लागत नाही. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे जाऊन मराठी जोडा. त्यासोबत येणारा साधा 'मराठी' कीबोर्ड म्हणजेच इनस्क्रिप्ट. इंग्रजी-मराठी अदलाबदल विंडोज आणि स्पेस या दोन कळांनी होते.

फोनेटिक

रोमन अक्षरांत शब्द लिहायचा, देवनागरी आपोआप उमटते. 'विद्यार्थी'ला नऊ अक्षरं आणि स्पेस, शिकायला शून्य मिनिटं. विंडोजच्या २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून 'मराठी फोनेटिक' आतच मिळतो. मराठी जोडल्यावर तिच्या लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन अ‍ॅड अ कीबोर्ड करा. फोनवर जीबोर्डमध्ये मराठी घेताना रोमनमधून मराठीचा पर्याय निवडा.

आता खोट कुठे आहे ते बघा. के-ए-एल एवढं लिहा. तुम्हाला काल हवं होतं, कळ, काळ की कल? चारही खरे शब्द. यंत्र अंदाज बांधतं, तुम्ही यादीत डोकावता, बाण दाबून निवडता आणि लिहिण्याची लय तुटते. पण-पान, नळ-नाल, मन-मान यांचंही तेच. कळा तेवढ्याच लागल्या तरी नजर सतत पर्यायांच्या पट्टीवर अडकते, म्हणून लांब मजकुरात हा प्रकार हळू पडतो.

दुसरा तोटा उशिरा लक्षात येतो. ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही ठरवत नाही, यंत्र ठरवतं. शाळकरी मुलांना टायपिंगची सुरुवात यावर करून देऊ नये, हे आमचं ठाम मत. इनस्क्रिप्टवर 'आणि' लिहिताना वेलांटी पहिली की दुसरी हे बोटालाच ठरवावं लागतं.

रेमिंग्टन

जुन्या टंकलेखन यंत्राचा वारसा. इथे क्रम उच्चाराचा नसून दिसण्याचा आहे. 'विद्यार्थी'साठी आधी वेलांटी, मग व, मग अख्खा द्य, काना, अर्धा थ, त्याला उभी रेघ जोडून पूर्ण थ, दुसरी वेलांटी आणि सगळ्यात शेवटी रफार. आठ कळा. मुरलेला टंकलेखक यावर कुणालाही हरवेल, पण नव्याने शिकणाऱ्याने हा रस्ता दोनच कारणांसाठी धरावा: संस्थेत सरकारी टायपिंगचा कोर्स याच मांडणीवर शिकवत असतील, किंवा डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायच्या, कामाला जायचं असेल. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचं प्रमाणपत्र लागतं. फी भरण्याआधी त्या परीक्षेच्या सूचनेत कोणती मांडणी चालते ते वाचा. वेगळ्या मांडणीवर कमावलेला वेग तिथे कामाचा नाही.

मांडणी आणि फॉन्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथेच बहुतेकांची गल्लत होते. रेमिंग्टन मांडणी युनिकोडमध्येही, म्हणजे कोणत्याही यंत्रावर तीच अक्षरं दिसावीत म्हणून ठरलेल्या प्रमाण संकेतांतही, मिळते. धोका आहे तो कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टचा. त्या फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात, फक्त त्यांचे आकार देवनागरी. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की मजकुराचं कडबोळं दिसतं, आणि गुगललाही तो सापडत नाही. कन्व्हर्टरने युनिकोड करून घेतलंत तर तीन जागा हमखास तपासा: जोडाक्षरावरची पहिली वेलांटी, रफार आणि मजकुरात अधूनमधून असलेले इंग्रजी शब्द. त्यांचंही 'रूपांतर' होऊन भलतंच काही निघतं.

बोलून टायपिंग

गुगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी २०१७ मध्ये आली. संगणकावर क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडा, कंट्रोल-शिफ्ट-एस दाबा, भाषा मराठी निवडा. पहिल्या खर्ड्यासाठी याला तोड नाही. मात्र पूर्णविराम-स्वल्पविराम हाताने द्यावे लागतात, 'केलं'चा अनुस्वार गळून 'केल' उरतो, आडनावं आणि गावांची नावं चुकतात. पंखा बंद करा, माईक तोंडापासून वीतभर ठेवा, आणि शब्द-शब्द तोडून न बोलता पूर्ण वाक्य एका दमात बोला. संदर्भ मिळाला की यंत्र कमी चुकतं. दुसऱ्या टॅबवर गेलात की ऐकणं थांबतं, त्यामुळे शेजारच्या टॅबमधलं वाचून दाखवायचं असेल तर तो मजकूर फोनवर उघडा.

एक बारीक पण त्रासदायक गोष्ट

'दुसऱ्या' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एक, ऱ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून. दोन, साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधताना एक लिहिलं तर दुसरं सापडेलच असं नाही. पुस्तकाची सूची किंवा एक्सेलमधली नावांची यादी करणाऱ्यांचा यात तासन्‌तास वेळ जातो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-र म्हणजे ऱ, मग पाय मोडायची कळ, मग य. हा पहिला प्रकार. अनेकांनी वेगवेगळ्या साधनांवर लिहिलेला मजकूर एकत्र करत असाल तर आधी फाइंड-रिप्लेसने सगळं एकाच प्रकारात आणा, मगच क्रम लावा. 'ॲप'मधल्या ॲ चंही असंच: कुणी एकसंध ॲ वापरतं, कुणी अ वर चंद्र देतं.

मग घ्यायचं काय?

फोनवर फोनेटिक, वाद नको. संगणकावर आठवड्याला एखादं पान असेल तरी फोनेटिकच. शिक्षक, अनुवादक, पत्रकार, कार्यालयात टिपण्या लिहिणारे यांनी इनस्क्रिप्ट घ्यावा, आणि हात दुखत असेल किंवा मुलाखत उतरवायची असेल तर खर्डा बोलून करून दुरुस्त्या इनस्क्रिप्टने कराव्यात. रेमिंग्टन हातात बसलेलाच असेल तर तो सोडायची गरज नाही, जुना फॉन्ट तेवढा सोडा.

बदल करायचा ठरवलात तर काम तुंबलेल्या आठवड्यात सुरू करू नका. विंडोजमध्ये मराठीखाली दोन्ही कीबोर्ड ठेवा: पत्रव्यवहार जुन्यावर, सराव नव्यावर. सरावाचा वेग जुन्याच्या निम्म्यावर पोहोचला की जुना कीबोर्ड यादीतून काढून टाका. तो हाताशी राहिला तर घाईच्या पहिल्याच दिवशी बोटं तिकडे वळतील.