वसंतातल्या अस्वल-शिकारीचे पैसे भरण्याआधी हे वाचा

अस्वलाच्या शिकारीला जाऊन अस्वल न दिसणं ही फसवणूक नव्हे. वारा फिरतो, पाऊस लागतो, जनावर येतं किंवा येत नाही. शिकारीला निघणारा प्रत्येक जण हे गृहीत धरूनच निघतो. कॅनडात आमच्या बाबतीत घडलं ते वेगळं होतं. ज्याने पैसे घेतले, त्याला आम्हाला त्या जंगलात न्यायचा अधिकारच नव्हता. त्याच्या भरवशावर गोळी झाडली असती तर पैशांपाठोपाठ बंदुकाही जप्त झाल्या असत्या आणि परक्या देशात खटला मागे लागला असता. इकडे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, माझ्या ओळखीचे काही मराठी लोक शिकारीचं रीतसर शिक्षण घेऊन परवाने काढू लागले आहेत. त्यांच्यापैकी कुणाचा यात बळी जाऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी तिथली व्यवस्था सांगतो, कारण ती माहीत असली की भामटा फार काळ टिकत नाही. मिनेसोटात काळ्या अस्वलाची शिकार फक्त शरद ऋतूत होते, 1 सप्टेंबरपासून. वसंतात जायचं तर सीमा ओलांडून कॅनडात जावं लागतं. मिनेसोटाला लागून असलेल्या ऑन्टारियो प्रांताने वसंतातला हंगाम 1999 मध्ये बंद केला होता. 2014 मध्ये तो काही भागांत प्रयोग म्हणून पुन्हा सुरू झाला आणि 2021 पासून कायमचा झाला. हा हंगाम 1 मे ते 15 जून असा असतो. बाहेरच्या माणसाला तिथे अस्वलाच्या शिकारीसाठी परवानाधारक व्यावसायिकाची सेवा घ्यावीच लागते. तिथला रहिवासी असलेल्या जवळच्या नातेवाइकाबरोबर जाणाऱ्यांना तेवढी सवलत आहे. सरकारी जंगलात अस्वलांसाठी क्षेत्रं आखलेली आहेत आणि ती अशा व्यावसायिकांना नेमून दिलेली असतात. त्या व्यावसायिकाने दिलेलं प्रमाणपत्र हाती असेल तरच आपला परवाना ग्राह्य धरतात. सगळी मेख या एका कागदात आहे.

आम्ही दोघं होतो, मी आणि माझ्या ऑफिसातला साताऱ्याचा मित्र. आम्ही ठरवलेला गाईड फोनवर अगदी मुरलेला वाटला. वसंतात मोठे नर गुहेतून आधी बाहेर पडतात, पिल्लांच्या माद्या उशिरा निघतात, मे संपताना नर माद्यांच्या शोधात दूरदूर फिरू लागतात, हे सगळं तो बरोबर सांगत होता. एकूण 2,800 डॉलर, त्यातले अर्धे आगाऊ. आगाऊ रक्कम मागण्यात गैर काही नाही, चांगले गाईडही मागतात. पण उरलेले पैसे एप्रिलमध्येच दिले तर सूट देतो असं म्हणत त्याने तेही फोनच्या ॲपवरून घेतले, आणि खातं तिसऱ्याच नावाचं होतं. प्रमाणपत्राबद्दल विचारलं तेव्हा उत्तर ठरलेलं: “ते कॅम्पवर देतो, तिथे सगळ्यांना तसंच देतो.”

मिनिआपोलिसपासून सुमारे 300 मैलांवर इंटरनॅशनल फॉल्स, तिथून पूल ओलांडला की कॅनडातलं फोर्ट फ्रान्सेस. कस्टम्सवर बंदुकांचं घोषणापत्र भरलं. त्याचे 25 कॅनेडियन डॉलर लागतात आणि ते 60 दिवस चालतं. उत्तरेकडे जाताना जंगल अजून उघडंबोडकं होतं, बर्च आणि ॲस्पेनच्या नुसत्या काड्या. गाईड एका मासेमारीच्या रिसॉर्टवर भेटला, केबिन दाखवली आणि लगेच आम्हाला अस्वलासाठी आमिष ठेवलेल्या जागेवर घेऊन गेला.

तिथे जे पाहिलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. झाडाला साखळीने बांधलेलं पिंप, त्यात पाव आणि ओट्स. पिंपाचा रंग शाबूत, त्यावर नखाचा एक ओरखडा नाही, कडेला अडकलेला केस नाही. साखळी नवी कोरी. आतल्या पावाच्या पिशव्यांची तोंडंसुद्धा सोडलेली नव्हती. जिथे अस्वलं येत असतात तिथे पिंपाकडे जाणाऱ्या मळलेल्या वाटा दिसतात, विष्ठा दिसते, आजूबाजूची माती तुडवलेली असते. इथे गेल्या वर्षीचा पाचोळा जसाच्या तसा होता. बसायचं मचाणही अशा बाजूला बांधलेलं, की आमच्यावरून जाणारा वारा थेट पिंपावर जावा. अस्वलाचं नाक माहीत असलेला माणूस असं कधीच करणार नाही.

मग तो म्हणाला, “पहिलं जे येईल ते मारा, थांबू नका.” हे ऐकून मला खरा राग आला. पिल्लू किंवा पिल्लांबरोबरची मादी मारणं तिथे गुन्हा आहे. शिवाय मादी कित्येकदा पिल्लांना जवळच्या झाडावर चढवून एकटीच आमिषाकडे येते. म्हणून चांगला गाईड आधी जनावर नीट न्याहाळायला सांगतो. पिंपाच्या मानाने किती उंच आहे ते बघा, कान डोक्याच्या मानाने मोठे दिसतात की बारीक ते बघा, आणि मागून कोणी येतंय का त्याची वाट बघा, असं त्याचं सांगणं असतं. तीन पिल्लं मागे उपाशी मरतील याची ज्याला फिकीर नाही, त्याने गाईड म्हणवून घेऊ नये.

रात्री केबिनमध्ये मित्राने गाईडने पाठवलेला ट्रेल कॅमेऱ्याचा (जंगलात झाडाला बांधलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचा) फोटो मोठा करून पाहिला. “अरे, झाडांची पानं बघ,” तो म्हणाला. एप्रिलच्या मध्यावर “कालचाच फोटो” म्हणून आलेल्या त्या चित्रात ॲस्पेन पानांनी भरलेला होता आणि गुडघाभर नेचे वाढलेले होते. त्या भागात एप्रिलमध्ये तळ्यांवर बर्फ असतो. फोटोखालची तारीख हवी ती घालता येते, झाडांना पानं फोडता येत नाहीत.

सकाळी रिसॉर्टच्या मालकीणबाई आल्या. केबिनचे पैसे फक्त दोन रात्रींचेच भरलेत, पुढचं काय, असं विचारू लागल्या. आम्ही जागा सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “पण ते क्षेत्र तर दुसऱ्याचं आहे. त्यांना माहीत आहे का?” त्यांनीच फोन लावला. तासाभरात एक वयस्कर गृहस्थ पिकअप घेऊन हजर झाले. ते क्षेत्र त्यांच्याकडे होतं. आमचे कागद पाहून म्हणाले, “तुमच्याकडे माझं प्रमाणपत्र नाही. तुम्ही तिथे बसला असता आणि अधिकारी आले असते, तर त्यांनी तुम्हालाच धरलं असतं. तो तोवर पसार झाला असता.” आमच्यावर चिडायचा त्यांना पूर्ण हक्क होता. तरी त्यांनी बसून सगळं समजावलं आणि तक्रार कुठे करायची तेही सांगितलं. गाईडचा फोन तोपर्यंत बंद झाला होता. बंदुका पेटीतून न काढता आम्ही परत फिरलो.

तुम्ही जाणार असाल तर पैसे पाठवण्याआधी क्षेत्राचा क्रमांक आणि गाईडचा परवाना मागा. मग केनोरा, ड्रायडेन किंवा फोर्ट फ्रान्सेस, जो जिल्हा असेल तिथल्या नैसर्गिक संसाधन मंत्रालयाच्या कार्यालयात स्वतः फोन करून ते जुळतं का ते विचारा. प्रमाणपत्र घरी हातात आल्याशिवाय निघू नका, “कॅम्पवर देतो” हे उत्तर चालवून घेऊ नका. पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा, म्हणजे बँकेकडे दाद मागता येते. ॲपवरून एकदा गेलेले पैसे परत मिळणं महाकठीण असतं. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागताना रिकाम्या हाताने परतलेल्यांचे मागा. अस्वल मिळालेला माणूस सगळ्याचं कौतुकच करतो, न मिळालेला माणूस आमिष कधी टाकलं होतं, मचाण कसं होतं, जेवण कसं होतं, सगळं खरं सांगतो. आणि शंभर टक्के यशाची हमी कोणी दिली, तर तिथेच फोन ठेवा.

आम्ही ऑन्टारियोच्या पोलिसांकडे, कॅनडाच्या फसवणूकविरोधी केंद्राकडे आणि इकडे एफबीआयच्या इंटरनेट-गुन्हे तक्रार केंद्राकडे तक्रार केली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. ॲपवरच्या पावत्या, मेसेज, तो पानांचा फोटो, सगळं जोडलं आहे. तुमच्यापैकी कुणी तिसऱ्याच नावाच्या खात्यावर अशा शिकारीचे पैसे भरले असतील, तर रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. खात्याचं नाव आणि फोन नंबर घालून तक्रार नोंदवा. एकाच खात्यावर चार जणांच्या तक्रारी आल्या, की पोलिसांना हालचाल करणं सोपं जातं.