डिसवर्शिप की अटेंडर? जुन्या इंग्रजीतली बेअब्रू निवडताना

ट्यूडर राजघराण्याच्या काळातल्या (1485 ते 1603) एखाद्या इंग्लिश सरदाराची गोष्ट इंग्रजीत लिहिताय किंवा तसला जुना मजकूर मराठीत आणताय, आणि 'डिसऑनर' फार आजचा वाटतोय (खरंतर तोही मध्ययुगातलाच, फक्त अजून वापरात आहे म्हणून जुनाट वाटत नाही), तर समोर दोन शब्द येतात, डिसवर्शिप (disworship) आणि अटेंडर (attainder). दोन्हीत अब्रू जातेच, पण कोणामुळे जाते आणि सोबत आणखी काय काय जातं यात बराच फरक आहे.

डिसवर्शिप वाचलं की आपण लगेच पूजाअर्चेकडे जातो, देव न मानणं वगैरे. पण वर्शिपच्या मुळाशी 'वर्थ' आहे, म्हणजे लायकी, मोल, आणि त्यावरून मान. 1611 च्या किंग जेम्स बायबलमधे लूकच्या 14 व्या अध्यायात बघा, पंगतीत मुद्दाम खालच्या जागी बसलेल्या पाहुण्याला यजमान वर बोलावतो आणि मग सगळ्यांदेखत त्याला 'वर्शिप' मिळतं, आता तिथे काय कोणी त्याची आरती करत नाही! ब्रिटनमधे मॅजिस्ट्रेटला 'युवर वर्शिप' म्हणतात ते यातूनच, आणि लंडनच्या जुन्या व्यापारी संघांच्या नावात 'वर्शिपफुल' असतं तेही. मॅलरी या लेखकाच्या राजा आर्थरच्या कथा मुद्रक कॅक्स्टनने 1485 मधे छापल्या, त्यातले नाइट (घोडेस्वार सरदार) लोक सारखे वर्शिप कमवायला बाहेर पडत असतात. ते चारचौघात गेलं की डिसवर्शिप. कवी मिल्टननेही हा शब्द 'शेम'च्या जोडीला वापरलाय.

अटेंडर मात्र कायद्यातला, आणि जास्त भयंकर. देशद्रोहासाठी मरणाची शिक्षा झाली की माणूस 'अटेंटेड', त्याची मालमत्ता जप्त, आणि वर 'करप्शन ऑफ ब्लड', म्हणजे रक्तच नासलं असं धरायचे, त्यामुळे पदवी, जमीन काहीच मुलांकडे जाणार नाही. पार्लमेंट तर खटला न चालवताच कायदा करून हे करू शकायचं, आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला 1540 मधे असंच संपवलं. राजा तिसरा रिचर्ड 1485 मधे बॉसवर्थच्या लढाईत मेला, तरी त्याच्यानंतर गादीवर आलेल्या सातव्या हेन्रीने त्याच्यावर मेल्यानंतर अटेंडर लावलाच. अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेने असे कायदे करायला बंदी घातली, इंग्लंडमधे अटेंडर गेला तो 1870 मधे.

कथानकात त्याची ताकद बघायची तर शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीवरच्या नाटकाच्या पहिल्या भागातलं बागेतलं भांडण वाचा. सॉमरसेट नावाचा सरदार रिचर्ड प्लँटॅजनेटला (हा वरच्या तिसऱ्या रिचर्डहून वेगळा) टोमणा मारतो की तुझा बाप देशद्रोही म्हणून मारला गेला, तू तर अटेंटेड, आणि रिचर्ड उलट म्हणतो की बापाला पकडलं होतं, अटेंट केलं नव्हतं. एवढ्या एका बारीक भेदावर त्याचं सगळं घराणं लटकलेलं.

इग्नॉमिनी (जाहीर बेइज्जती) हाही पर्याय आहे, वाचकाला पटकन कळतो, पण तो अजून चालू वापरात आहे त्यामुळे काळाचा वास येत नाही. 'शेंट' (लाज आणलेला, झापलेला) शेक्सपिअरमधे सापडतो पण आज तळटीप दिल्याशिवाय कोणाला कळेल असं वाटत नाही.

माझं मत विचाराल तर भरदरबारात अपमान, द्वंद्वातून पळ, असं काही असेल तर डिसवर्शिप घ्या, तेही रागाच्या संवादात एकदाच, दर पानावर आला तर वाचक वैतागेल. वारसा किंवा जहागिरीचा तिढा असेल तर अटेंडरला पर्याय नाही. आणि मराठीत आणताना डिसवर्शिपला 'नाचक्की' छान बसते, पण अटेंडरसाठी नुसतं 'कुळाला बट्टा' लिहून मोकळं होऊ नका, जमीन जप्त झाली आणि पोरांचा वारसाहक्क गेला हे वाक्यात कुठेतरी सांगावंच लागेल, नाहीतर पुढच्या प्रकरणात मुलगा भिकेला का लागला ते कळणारच नाही.