तबल्याच्या खोलीत हाउसच्या दोन रेकॉर्ड

रामबागेतल्या आमच्या घरी संध्याकाळी तबल्याचे वर्ग चालतात. मुलं गेली की खोली आवरून मी रेकॉर्ड लावते. गायक अमीर खाँसाहेबांची ललत आणि मेघ हे राग असलेली बाबांची एलपी इतकी वाजली आहे की तिच्यातली खरखरही मला पाठ आहे. गेल्या वर्षीपासून तिच्या शेजारी चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ उभी आहे. तिच्यातही ललत आहे आणि मेघ मल्हार आहे. मी ती घेतली याच कारणासाठी. आणि तिच्यामुळेच मी हाउसकडे, म्हणजे शिकागोच्या क्लबांतल्या यंत्रांवरच्या नाचाच्या संगीताकडे वळले.

मूळ रेकॉर्ड १९८२ची. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली: तालाला टीआर-८०८, बेसला टीबी-३०३ आणि सुरावटीला ज्युपिटर-८. रेकॉर्ड आली आणि विसरली गेली. २०१० साली हॉलंडच्या बॉम्बे कनेक्शन या रेकॉर्ड कंपनीनं ती पुन्हा काढली, तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, कारण ३०३चा तोच पिळवटलेला आवाज घेऊन शिकागोच्या फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आली ती १९८७मध्ये. मग ‘अ‍ॅसिड हाउस मुंबईत जन्मलं’ असं बोललं जाऊ लागलं; ३०३च्या या आवाजाचं हाउस ते अ‍ॅसिड हाउस. मला ते पटत नाही. हाउस हे नावच शिकागोच्या वेअरहाउस क्लबवरून पडलं, जिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्ड लावायचे. त्या शहराचं श्रेय त्या शहराला असू द्यावं. चरणजितजींचं मोल पहिलं कोण यावर ठरत नाही.

ते ठरतं ३०३कडून त्यांनी काय काढून घेतलं यावर. हे यंत्र गिटारवाल्यांना एकट्यानं वाजवताना बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. आपल्याकडे एकट्या तबल्याला सुरावटीची साथ देणारं लेहऱ्याचं यंत्र करतं तसंच काम. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. चरणजितजींच्या कानाला त्यात मींड सापडली. हेडफोन लावून फक्त खालचा बेस ऐका. वरची सुरावट विसरलात तरी राग कळतो, इतकं त्या बेसमध्ये आहे.

कमी पडतं ते वरच्या सुरांत. ललतात पंचम नाही, दोन्ही मध्यम एकापाठोपाठ येतात, आणि खाँसाहेब त्या दोघांच्या मधल्या जागेत किती वेळ रेंगाळतात! चरणजितजींकडे ते दोघं म्हणजे कळफलकावरच्या शेजारच्या दोन पट्ट्या आहेत. भैरवातल्या रिषभाचं आंदोलन, म्हणजे संथ झुलणंही यंत्राला झेपत नाही. शिवाय प्रत्येक राग पाचेक मिनिटांचा आणि दहाही रागांना ठेका जवळजवळ एकच. सलग ऐकू नका. एका बैठकीत दोन, फार तर तीन. मी मालकंस आणि कलावती वेगवेगळ्या दिवशी ऐकते.

दुसरी रेकॉर्ड मिस्टर फिंगर्सची, १९८६च्या ‘कॅन यू फील इट’ची पुन्हा काढलेली बारा इंची तबकडी. मिस्टर फिंगर्स म्हणजे शिकागोचे लॅरी हर्ड, जे आधी ड्रम वाजवायचे. तालवाद्य वाजवणाऱ्या माणसाची ही रचना आहे हे पहिल्या मिनिटात कळतं: कुठेही घाई नाही, कुठेही गर्दी नाही. बेसची चाल आणि वर संथ पसरलेले स्वर, एवढ्यावर सगळं उभं आहे. मला दोन्हींत हीच जास्त आवडते.

हाउसचा ठेका बाहेरून सोपा वाटतो. मिनिटाला साधारण १२० मात्रा, प्रत्येक मात्रेवर खालचा ठोका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी, दोन मात्रांच्या मधोमध झांज. पण बदल बहुधा १६ किंवा ३२ मात्रांनी येतात, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन किंवा दोन. आणि मध्येच खालचा ठोका काढून घेतात. तबल्याचा डावा, म्हणजे बायाँ, मिटला की तालाची बिनघुमाऱ्याची जागा, म्हणजे खाली येते, तसंच. परत येतो तो समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. मोठ्या वर्गातल्या मुलांना मी हे ऐकवलं तेव्हा ठोका गेल्याबरोबर एका मुलीनं न सांगता हात हवेत नेला आणि म्हणाली, “ताई, खाली!” त्या दिवशी पुढचा धडा मी बाजूला ठेवला आणि आम्ही पुन्हा तीच बाजू लावली.

हे संगीत फोनवर ऐकू नका, कारण बेसच हरवतो. बारा इंची तबकडीवर एका बाजूला एक-दोनच गाणी असल्यामुळे खाचांना ऐसपैस जागा मिळते आणि खालचे सूर भरदार कोरता येतात. त्याचा त्रासही होतो. माझा प्लेअर लाकडी कपाटावर होता. आवाज वाढवला की कपाट घुमायचं आणि सुई उडायची. स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला कडप्प्याचा तुकडा प्लेअरखाली ठेवला, स्पीकर कपाटावरून उतरवून वेगळ्या स्टुलांवर नेले. तेव्हापासून एकदाही उडालेली नाही.

किंमत जड आहे. दोन्ही मिळून मला साडेसात हजारांच्या आसपास पडल्या. एकच घ्यायची असेल आणि घरात कोणी गाणं-बजावणं शिकत असेल, तर चरणजितजींची घ्या. मुलांना राग ओळखायला लावता येतात. नुसतं ऐकायचं असेल तर मिस्टर फिंगर्स.

आणि मे महिन्यात मागवू नका. माझं पहिलं पार्सल कुरियरवाला न सांगता दुपारच्या उन्हात ओटल्यावर ठेवून गेला. मी शाळेतून आले तोवर तबकडी ताटलीसारखी वाकली होती. दुकानदारानं बदलून दिली, पण दीड महिना गेला. आता मी थंडीतच मागवते आणि पत्त्याखाली समोरच्या काकूंचा नंबर देते.