बोर्डाच्या दुकानासाठी कोरल, इलस्ट्रेटर, इंकस्केप की फ्लेक्सी?

या चार डिझाइन सॉफ्टवेअरमधलं एखादं घेताना बहुतेक जण इफेक्ट आणि तयार डिझाइनं बघतात. बोर्डाच्या धंद्यात खरे प्रश्न दोनच: फाइल शेवटी कोणत्या यंत्रावर जाणार, आणि मराठी अक्षर तिथवर धड पोचणार का. २०२२च्या कायदेदुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान असून चालत नाही. इथे एक गंमत होते. पॉइंट साइज सारखा ठेवला तरी बऱ्याच फॉन्टांत देवनागरी अक्षर इंग्रजी कॅपिटलपेक्षा बुटकं पडतं. म्हणून साइजच्या आकड्यावर जाऊ नका. अक्षर कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट सोडवून नुसता आकार करून, शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची मोजा.

मराठी टाइप

कोरलड्रॉमध्ये एक्स-६ आवृत्तीपासून (२०१२) युनिकोड मराठी, म्हणजे मोबाइलवर टाइप होतं ते, नीट जुळतं. त्याआधीच्या आवृत्त्यांवर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांनीच काम चालायचं, आणि कितीतरी दुकानांत अजून चालतं. त्या फॉन्टांत मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. म्हणून गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पेस्ट केला की चौकोन तरी येतात, नाहीतर भलताच फॉन्ट लागतो. उलट, जुनी सीडीआर (कोरलची) फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली तर ‘दुकान’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नवीन कोरल घेतलं तरी जुन्या कामांसाठी जुने फॉन्ट सांभाळावेच लागतात.

इलस्ट्रेटरमध्ये मराठी टाइप केल्यावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे पडली किंवा जोडाक्षर फुटलं, तर दोष फॉन्टचा नसतो. प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्ये ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ कंपोझर निवडा. इंकस्केपला यातलं काहीच सांगावं लागत नाही. फुकटचं असूनही युनिकोड मराठीत ते पहिल्या झटक्यात बरोबर येतं.

कुठलंही सॉफ्टवेअर आणि फॉन्ट पारखायला एवढं टाइप करा: दुसऱ्या, कृष्ण, श्री ज्ञानेश्वर, द्वारका, लक्ष्मी, ट्रॅक्टर, ऑप्टिकल. ‘दुसऱ्या’तला अर्धा र आणि ‘ऑ’चा चंद्र इथे चूक लगेच उघडी पडते. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर टिरो देवनागरी मराठीसारखा मुद्दाम मराठीसाठी केलेला फॉन्ट वापरा.

कटिंग

देवनागरीत सगळ्यात जास्त व्हिनाइल वाया जातं ते इथे. फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराला शिरोरेषेचा आपापला तुकडा असतो आणि शेजारचे तुकडे एकमेकांवर चढतात. पडद्यावर रेघ सलग दिसते, पण प्लॉटर (व्हिनाइल कापायचं यंत्र) प्रत्येक कडेवरून ब्लेड फिरवतो. शिरोरेषा जागोजागी उभी कापली जाते आणि वीडिंग करताना, म्हणजे नको असलेलं व्हिनाइल सोलताना, तुटते. उपाय वेल्डचा, म्हणजे सगळे तुकडे जोडून एकच आकार करण्याचा. कोरलमध्ये कंट्रोल+क्यूनं कर्व्ह करा आणि वेल्ड मारा. इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स, मग पाथफाइंडरचं युनाइट. इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ, मग युनियन. वेल्डऐवजी चुकून कंबाइन मारलं तर जिथे तुकडे एकमेकांवर चढले होते तिथे नेमकी पोकळी पडते. कापण्याआधी वायरफ्रेम किंवा आउटलाइन दृश्यात एकदा नजर टाका; शिरोरेषेच्या आत एकही रेघ दिसता कामा नये.

ॲक्रिलिक किंवा एसीपीच्या (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलच्या) अक्षरांत वेल्डनंतर दुसरी अडचण येते: अख्खा शब्द एकच तुकडा होतो. शीट आठ बाय चार फुटांचं असतं, त्यामुळे लांब शब्द शिरोरेषेवरच, दोन अक्षरांच्या मधे तोडावा लागतो. अनुस्वार मात्र सुटाच राहतो. एलईडी अक्षरात त्याला वेगळी वायर लागते, हे कोटेशन देताना विसरू नका.

वेल्ड, काँटूर (आकाराभोवतीची कड) आणि प्लॉटरसाठी पीएलटी फाइल काढणं या बाबतीत कोरल पुढे आहे. पीएलटी काढताना कर्व्ह रिझोल्यूशन बारीक ठेवा, नाहीतर गोल अक्षरं कोनाकोनांची कापली जातात. इंकस्केपचा घोळ मापाचा. इलस्ट्रेटरची एसव्हीजी फाइल त्यात उघडली तर १०० मिमीची रेघ ७५ मिमीची होऊ शकते, कारण इलस्ट्रेटर इंचाला ७२ पिक्सेल धरतो आणि इंकस्केप ९६. प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन ठेवा आणि यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी तो मोजा. ॲक्रिलिक-एसीपी कापणाऱ्या राउटरच्या डीएक्सएफ फाइललाही हीच युक्ती लागू.

फ्लेक्स आणि होर्डिंग

कोरलचं पान १५० फुटांपर्यंत जातं. इलस्ट्रेटरचा साधा आर्टबोर्ड २२७ इंचांवर, म्हणजे १९ फुटांच्या आत संपतो. त्यापुढे लार्ज कॅनव्हास किंवा १:१० मापात काम करावं लागतं. ४० बाय २० फुटांच्या होर्डिंगला ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके) ठेवलं तर रुंदी ३४,५६० पिक्सेल होते. फोटोशॉपची पीएसडी ३०,००० वर अडते, आणि सीएमवायके (छपाईच्या चार शायांची) फाइल साधारण २.४ जीबी होते. ३६ डीपीआयला तीच ६०० एमबीच्या आसपास येते, आणि रस्त्यावरून फरक कळत नाही.

इंकस्केप मुळात आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत, चालतं. प्लॉटरला रंगाशी देणंघेणं नाही, पण फ्लेक्सच्या छपाईला तीच फाइल पाठवली तर गिऱ्हाइकाचा ठरलेला लाल हमखास बदलतो. फक्त रेडियम-व्हिनाइल कटिंग करणाऱ्यानं ते बेलाशक वापरावं. छपाई बाहेर पाठवणाऱ्यानं नाही.

फ्लेक्सीची गोष्ट वेगळी आहे. त्यात डिझाइन, आरआयपी (छपाईयंत्रासाठी फाइल तयार करणं) आणि कट एकत्र येतात. छापून मग कडेनं कापायचे स्टिकर रोज निघत असतील तरच त्याचा खर्च वसूल होतो. छपाई बाहेरून होत असेल तर त्याचा विचारही नको. प्लॉटरसोबत आलेलं कटिंग सॉफ्टवेअर फाइल पाठवण्यापुरतं ठेवा, त्यात डिझाइन करत बसू नका.

पैशाचं थोडक्यात: इलस्ट्रेटर फक्त वर्गणीवर मिळतं, कोरल एकरकमीही घेता येतं. एजन्सी एआय (इलस्ट्रेटरची) फाइल पाठवत असतील तर इलस्ट्रेटर टाळता येत नाही. तालुक्याच्या गावातल्या दुकानाला कोरल बरं पडतं, कारण आजूबाजूचे फ्लेक्सवाले सीडीआरच मागतात. देताना त्यांच्याकडच्या आवृत्तीत ‘सेव्ह ॲज’ करायचं. क्रॅक केलेली प्रत मात्र नको. जाणूनबुजून वापरल्यास कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमाखाली कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

कोरलची चाचणी प्रत १५ दिवस चालते, इलस्ट्रेटरची सात. त्या दिवसांत नवं डिझाइन करू नका. मागच्या महिन्यातली तीन कामं पुन्हा करा: एक दहा बाय आठचं फ्लेक्स, एक काचेवरचं व्हिनाइल, एक ॲक्रिलिकचं नाव. ती थेट आपल्या यंत्रावर किंवा आपल्या छपाईवाल्याकडे काढून बघा.