आनापान की मैत्रीभावना: रोजची वीस मिनिटं कशाला द्यावीत?

दीक्षाभूमीवर वंदना करून आल्यावर रोज ध्यानाला बसायचं मनात येतं, पण हाताशी वीसच मिनिटं. मग आनापान (येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवणं) की मैत्रीभावना (स्वतःचं नि इतरांचं मनापासून भलं चिंतणं), या दोन्हींपैकी काय निवडावं? खर्च दोन्हींत शून्य.

मेहनत आनापानात सुरुवातीला जास्त. नाकपुड्यांपाशी श्वास जाणवू द्यायचा, एक ते दहा मोजायचं, चुकलं की पुन्हा एकपासून. श्वास मुद्दाम ओढला की डोकं जड होतं. तो येईल तसा येऊ द्या. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी जेवून बसलात तर डुलकी ठरलेलीच, म्हणून पहाट बरी.

मैत्रीभावनेत क्रम पाळायचा: आधी स्वतः, मग उपकारकर्ता, मग दूधवाल्यासारखा ना आवडता ना नावडता माणूस, आणि नंतर ज्याच्याशी वाकडं आहे तो. थेट त्याच्यापासून सुरुवात केली की राग उलट उफाळतो. तसं झालं तर मुकाट्याने मागच्या पायरीवर या. नुसतं ‘सुखी होवो’ घोकूनही काही होत नाही, समोर माणूस दिसायला हवा.

आनापान सीताबर्डीच्या सिग्नलवरही डोळे उघडे ठेवून जमतं. मैत्रीला निवांतपणा लागतो.

अभ्यासात, कामात लक्ष टिकत नसेल तर आनापान घ्या. घरात धुसफूस असेल, कुणाचा राग डोक्यातून जात नसेल तर मैत्री. मात्र आधी पाच मिनिटं श्वासाला द्या.