फ्री डिशचा ‘रिचार्ज’ भरत असाल तर आधी हे वाचा

अण्णांच्या वहीत मला तीन नोंदी सापडल्या. ‘टीव्ही बॉक्स + छत्री + १ वर्ष रिचार्ज – २४००’, ‘मोठा पॅक – ९००’, ‘मार्च अखेर रिचार्ज – ६००’. गेल्या दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत एकूण ३,९०० रुपये, आणि सगळे डीडी फ्री डिशसाठी. प्रसार भारतीची छत्रीवरून टीव्ही दाखवणारी ही सेवा २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावानं सुरू झाली, तेव्हापासून तिला महिन्याची वर्गणी नाही. वर्षाचीही नाही. बॉक्स आणि छत्री एकदा घेतली की खर्च संपला.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतात, वय ७१. गावातली केबल बंद झाल्यावर त्यांना बातम्या, कीर्तन आणि सह्याद्री वाहिनी एवढंच हवं होतं. दिवाळीच्या आठवड्यात मोटारसायकलवरून दोन मुलं आली. गळ्यात ओळखपत्रं, मागे बांधलेले खोके. म्हणाली, “काका, सरकारी योजना आहे, फुकट टीव्ही. बॉक्स एचडी आहे, फक्त बसवायचे आणि पहिल्या वर्षाच्या रिचार्जचे पैसे द्या.” अण्णांनी विचारलं, “फुकट म्हणता आणि रिचार्ज कसला?” त्यावर उत्तर तयार होतं, “दुसऱ्या कंपन्या महिन्याला घेतात, सरकार वर्षाला घेतं.” ओळखपत्रावर काय लिहिलंय हे कुणीही वाचलं नाही. पावती मागितली तेव्हा ‘ऑनलाइन येईल’ म्हणाले. ती आजतागायत आलेली नाही.

बॉक्स लागला, चित्रही स्वच्छ दिसू लागलं. त्यामुळे संशय यायचं काही कारणच नव्हतं.

जानेवारीत अण्णांच्या लक्षात आलं की शेजारच्या तात्यांकडे आपल्यापेक्षा बरेच जास्त चॅनल दिसतात. तात्यांनी बॉक्स तालुक्याच्या दुकानातून घेतला होता. छत्री तेवढीच, तोंड त्याच दिशेला. अण्णांनी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, “तुमचा पॅक छोटा आहे, मोठा घ्या.” ९०० रुपये घेतले, रिमोट हातात घेऊन पाच मिनिटं काहीतरी केलं आणि चार-पाच चॅनल वाढवून दिले. पहिल्या वेळी त्यानं चॅनल शोधण्याचा स्कॅन मुद्दाम अर्धवट सोडला असणार, असं मला आता वाटतं. तात्यांकडचे बाकीचे चॅनल मात्र आलेच नाहीत. ‘चोवीस तासांत येतील’ हे ठरलेलं उत्तर मिळालं.

मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अण्णांचे नेहमीचे दोन चॅनल अचानक गायब झाले. मुलाचा फोन त्यांच्या आधीच आला! “काका, सरकारचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं, तुमचा रिचार्ज संपला.” अण्णा नोकरीत असताना दरवर्षी मार्च अखेरची घाई बघत आलेले. त्यांना ते पटलं.

हे चॅनल का जातात ते नीट समजून घ्या, कारण ही सगळी फसवणूक त्यावरच उभी आहे. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांना जागा ई-लिलावात मिळते आणि साधारणपणे ती १ एप्रिल ते ३१ मार्च अशा वर्षासाठी असते. वर्ष संपलं की काही वाहिन्या जातात, काही नव्या येतात, काहींची जागा बदलते. जागा बदललेली वाहिनी पुन्हा मिळवायला रिमोटवर मेनू दाबून ‘ऑटो स्कॅन’ करायचा असतो. पाच-दहा मिनिटांचं काम, तेही फुकट. माझ्या वडिलांकडून ६०० रुपये घेतले ते या एका बटणाचे. जी वाहिनी लिलावात उतरलीच नाही किंवा उतरून जागा मिळवू शकली नाही, ती कितीही पैसे भरले तरी फ्री डिशवर येणार नाही.

मेमध्ये मी गावी गेले तेव्हा वही वाचून चक्रावले. तालुक्याला टीव्ही दुरुस्त करणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत, त्यांना घरी बोलावलं. त्यांनी छत्रीला हात लावला नाही, छत्रीपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या एलएनबीला लावला नाही. आमची केबल काढून त्यांनी स्वतःजवळच्या बॉक्सला जोडली आणि स्कॅन लावला. डीडी नॅशनल एचडी आलं, डीडी न्यूज एचडी आलं, तात्यांकडचे सगळे चॅनल आले. त्याच छत्रीवर, एक रुपया न भरता. अण्णा काहीच बोलले नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहिले. मला ते अजून आठवतं.

आमचा बॉक्स एमपेग-२ होता. चित्र आणि आवाज उपग्रहावरून पाठवताना दाबून लहान करावे लागतात, त्याच्या या दोन पद्धती: जुनी एमपेग-२ आणि नंतरची, कमी जागेत जास्त बसवणारी एमपेग-४. फ्री डिशवर दोन्ही पद्धतींचे चॅनल आहेत. एमपेग-४ बॉक्सला दोन्ही वाचता येतात, एमपेग-२ बॉक्सला फक्त जुने. एचडी चॅनल एमपेग-४ मध्येच येतात. जुन्या बॉक्समधला भागच ते वाचू शकत नाही, म्हणून ‘मोठा पॅक’ असं काही असूच शकत नाही. बॉक्सची मर्यादा होती, ती पॅकच्या नावानं विकली गेली. खोक्यावर मात्र ठळक अक्षरात ‘एचडी’ छापलेलं होतं.

मागची बाजू कुणी बघितली असती तर तिथंच शंका आली असती. लाल, पांढरी आणि पिवळी पिन लावायच्या तीन जागा, एवढंच. एचडीएमआयची जागा नव्हती, आणि त्या तीन पिनांमधून एचडी चित्र जातच नाही. याचा अर्थ एचडीएमआय नसलेला प्रत्येक बॉक्स एमपेग-२ असतो असा नाही. पण एचडी म्हणून विकणाऱ्याला हा प्रश्न विचारायलाच हवा. खरी खात्री एकच. पैसे देण्याआधी बॉक्स लावून स्कॅन करायला सांगा आणि डीडी नॅशनल एचडीचं चित्र दिसतं का ते डोळ्यांनी बघा. नुसतं यादीतलं नाव बघून थांबू नका, चित्र हललं पाहिजे.

सेटटॉप बॉक्सला भारतात भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा क्रमांक बॉक्सवर असतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. आमच्या बॉक्सवर तो नव्हता, फक्त एक फाटकं स्टिकर होतं. खासगी डीटीएच कंपनीचा वापरलेला बॉक्स ‘फ्री डिशला चालतो’ म्हणून कुणी देत असेल तर तोही नकोच. तो त्या कंपनीच्या कार्डाशी आणि कुलपाशी बांधलेला असतो.

पावसाळ्यात सिग्नल गेला की रिचार्ज मागण्याचा आणखी एक डाव खेळला जातो. जोराच्या सरीत ‘सिग्नल नाही’ असं पडद्यावर येतं, कारण ज्या केयू बँडवर हे प्रक्षेपण होतं त्या लहरी दाट पावसात क्षीण होतात. सर ओसरली की चित्र परत येतं. वाऱ्यानं छत्री हलली असेल तर ती पुन्हा लावावी लागते. फ्री डिश ज्यावरून येतं तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातून छत्रीचं तोंड साधारण आग्नेयेला हवं. छत्री लावायला येणारा माणूस मजुरी घेईल, ते योग्यच आहे. रिचार्ज मागायला लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि बिल मागितलं. बिल नव्हतं, पैसे रोख दिलेले, मुलाचा नंबर बंद. पुढं काही होऊ शकलं नाही. नवा एमपेग-४ बॉक्स ११०० रुपयांना, दुकानातून, पक्क्या बिलावर घेतला. छत्री तीच ठेवली.

त्या आठवड्यात मी गल्लीतल्या ज्या ज्या घरी असा बॉक्स दिसला तिथं गेले. सात घरं निघाली, सातही बॉक्स तसलेच. शेवटच्या घरी एकट्या राहणाऱ्या आजी आहेत. त्यांच्या कॅलेंडरवर पुढच्या महिन्यातली एक तारीख पेननं गोल केलेली होती, आणि पेन्शनमधले ६०० रुपये त्यांनी रुमालात बांधून डाळीच्या डब्यामागे ठेवले होते.